आधी कोण, शेवटी कोण: जुन्या मैत्रिणीबरोबर मिश्रमाध्यमात काम करताना

निपाणीच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, त्यांची शाळेपासूनची मैत्रीण खानापुरात मातीकाम करते. मधली बरीच वर्षे दोघींची गाठभेट लग्नकार्यापुरतीच उरली होती. आता दोघींना मिळून रंग, जुने कागद, दोघींच्या आयांची इरकली लुगडी आणि भाजलेली माती असे सारे एकत्र आणून एक मोठे काम करायचे आहे आणि ते बेळगावात प्रदर्शनात मांडायचे आहे. कामाची वाटणी कशी करावी, इतके वेगवेगळे साहित्य एकत्र टिकेल का, मैत्रीत कटुता येऊ नये म्हणून आधी काय ठरवावे आणि नाव कुणाचे पहिले घालावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी बेळगावात राहून लाकूड, कापड, कागद आणि रंग यांत काम करत आलो आहे आणि त्यातले बरेचसे दुसऱ्या कुणाबरोबर मिळून केलेले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वाटणीचा विचार करताना बहुतेक जण जागेची वाटणी करतात: डावी बाजू तुझी, उजवी माझी, किंवा माती तुझी आणि रंग माझे. तसे केले तर शेवटी एका चौकटीत दोन चित्रे शेजारी बसलेली दिसतात. मिश्रमाध्यमात खरी वाटणी थरांची असते. खाली काय जाते, त्यावर काय चढते, आणि सगळ्यात शेवटचा हात कुणाचा फिरतो, यावर चित्र कुणाचे दिसणार हे ठरते. शेवटचा थर देणारी व्यक्ती आधीचे झाकू शकते, उजळू शकते किंवा निरर्थकही करू शकते. म्हणून दोघींपैकी एकच जण दर वेळी शेवटी काम करत असेल, तर वाटणी कितीही समान असली तरी ते काम तिचेच होते. अँडी वॉरहॉल आणि जाँ-मिशेल बास्किया या अमेरिकन चित्रकारांनी १९८४ आणि १९८५ मध्ये अनेक कॅनव्हास मिळून रंगवले. पुष्कळदा वॉरहॉल आधी एखादे व्यापारचिन्ह किंवा वर्तमानपत्राचा मथळा मोठा करून रंगवत असे आणि बास्किया त्यावर आकृत्या, अक्षरे, खोडाखोड चढवत असे. ती चित्रे पाहताना ताण जाणवतो तो या क्रमाचा. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्यांचे प्रदर्शन झाले, त्यावर कडवट टीका झाली आणि त्यानंतर दोघांतला घरोबा पूर्वीसारखा राहिला नाही. टीकेचा रोख थोडक्यात असा होता की कोण कुणाला वापरून घेत आहे. दोघांनी मिळून केलेल्या कामाकडे पाहणारा माणूस हा प्रश्न मनात धरूनच येतो, हे तुम्ही दोघींनी आधीच गृहीत धरावे.

म्हणून तुमचा पहिला निर्णय क्रमाचा असू द्या, आणि तो क्रम कामाच्या निम्म्या भागात उलटा करा. काम सहा भागांत असेल, तर तीन भाग तुम्ही सुरू करावेत आणि मैत्रिणीने संपवावेत; उरलेले तीन तिने सुरू करावेत आणि तुम्ही संपवावेत. साहित्याच्या स्वभावामुळे हे दर वेळी जसेच्या तसे जमत नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. पण मूळ आखणी हीच ठेवावी.

जुन्या मैत्रीची अडचण अपरिचिताबरोबरच्या कामापेक्षा वेगळी असते. अपरिचित माणसाला आपण विचारतो. जुन्या मैत्रिणीला विचारायची गरज नाही असे वाटते. तिची शाळेतली रेघ तुमच्या डोळ्यांपुढे आहे, पण मधल्या वर्षांत तिचा हात मातीत घडलेला आहे आणि आता तिला कदाचित रेघ नकोच असेल, दाब आणि उठाव हवे असतील. दुसरी अडचण भिडेची आहे. तिने मन लावून केलेल्या जागेवर रंगाचा ब्रश टाकायला हात धजत नाही आणि मग दोघी एकमेकींच्या कामाभोवती कडेकडेने काम करत राहतात. ही भीड बोलून पूर्ण जात नाही, ती हातानेच घालवावी लागते. माझी पद्धत सांगतो. मोठ्या कामाआधी फूटभर लांबीरुंदीचे चार बोर्ड घ्यावेत, प्रत्येकीने दोन सुरू करावेत आणि मग अदलाबदल करावी. समोर आलेल्या बोर्डावर प्रत्येकीने निदान एक तरी अशी जागा झाकायची, जी तिला स्वतःला आवडली आहे. नावडती जागा झाकणे सोपे असते आणि त्यातून काही कळत नाही. मग बोर्ड परत द्यायचे, आणि जिची जागा झाकली गेली तिने ती पुन्हा रंगवून परत मिळवायची नाही. खरवडून, फाडून, शिवून, जे हाती आहे त्यातूनच पुढे जायचे. हे चार बोर्ड कुणाला दाखवायचे नाहीत. प्रत्येक अदलाबदलीच्या आधी दिवसाउजेडी फोनवर फोटो काढून ठेवावा. झाकलेली गोष्ट कुठेतरी शिल्लक आहे एवढ्या जाणिवेनेही हात मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता साहित्य. यात माती सर्वांत आधी येते आणि तिथे क्रम उलटवता येत नाही, कारण माती आकसते. वाळताना आणि भाजताना मिळून लाल मातीचा तुकडा साधारणपणे लांबीत आठ ते दहा टक्के लहान होतो. नेमके किती, हे त्या त्या मातीवर अवलंबून असते. मैत्रिणीने ओल्या मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढून ती पट्टी भाजावी आणि रेघ पुन्हा मोजावी. नऊ सेंटिमीटर भरली तर आकस दहा टक्के. हे मोजल्याशिवाय मातीच्या तुकड्यांच्या जागा बोर्डावर आखू नयेत. खानापूर हे मातीकामाचे जुने ठिकाण आहे. तिथली कौले आणि भांडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहेत आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे, तेव्हा भट्टी आणि जाणता सल्ला या दोन्हींची मैत्रिणीला वाण पडणार नाही. तुकड्याची जाडी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. तो बोर्डाला डिंकाने चिकटवण्याच्या भरीस पडू नये. ओल्या मातीतच दोन ते चार भोके पाडून ठेवावीत आणि भाजल्यावर त्यांतून पितळेची किंवा तांब्याची तार ओवून ती बोर्डाच्या मागे पिळून बांधावी. लोखंडी तार पावसाळ्यात गंजते आणि तो डाग मातीतून कापडात उतरतो. भाजलेले तुकडे काही दिवस पाणी बदलत भिजवून मग पूर्ण वाळवावेत, म्हणजे आतले क्षार निघून जातात. नाहीतर वर्षभराने रंगाखालून पांढरा लोणा फुटतो.

माती आधी येणार म्हणजे प्रत्येक वेळी मैत्रीणच आधी आणि तुम्ही शेवटी, असा क्रम पक्का होईल अशी शंका तुम्हाला येईल. त्यावर एक चांगला उपाय तुमच्याच गावात आहे. निपाणीचा तंबाखू कामात आणावा असे तुमच्या मनात असेलच. पण वाळलेले तंबाखूचे पान बोर्डावर लावू नये. ते चुरते, आणि साठवलेल्या तंबाखूत होणारी कीड त्यात शिरली की कापड आणि कागदही सुरक्षित राहत नाहीत. त्याऐवजी ताजे पान घेऊन खानापूरला जा आणि ते तुमच्या हाताने ओल्या मातीत दाबा. भट्टीत पान जळून जाते आणि शिरांसकट ठसा कायमचा उमटून राहतो. मातीच्या थरात तुमचा हात सर्वांत खाली गेला, आणि त्या तुकड्याच्या कडेने शेवटची शिलाई मैत्रिणीने घातली, तर क्रम तिथेही उलटला. एकमेकींच्या माध्यमात अशी प्रत्यक्ष शिरकाव करण्याची जागा शोधणे हा मिळून काम करण्यातला मला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो, आणि त्यासाठी दोघींनी एकमेकींच्या कामाच्या जागी बसणे आवश्यक आहे. फोनवर ठरवून ते साधत नाही.

पाठीसाठी पाण्याला टिकणारा सागरी दर्जाचा १२ मिलिमीटर प्लाय घ्यावा आणि मागे लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकावी. त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे सात ते आठ किलो भरते. एक सेंटिमीटर जाडीच्या भाजलेल्या मातीचे त्याच मापात अठरा किलोच्या आसपास. म्हणून एकच प्रचंड बोर्ड करण्यापेक्षा दोन फूट चौरसाची सहा पॅनेल करावीत, असे मी सुचवीन. जोडल्यावर सहा फूट बाय चार फूट एवढे काम उभे राहते, आणि एक पॅनेल निम्मे मातीने भरले तरी सात-आठ किलोंच्या वर जात नाही. खानापूर ते निपाणी हे बेळगावमार्गे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे. एवढे पॅनेल चादरीत गुंडाळून बसमधून मांडीशी धरून नेता येते आणि टेम्पोच्या भाड्यासाठी अदलाबदल रखडत नाही.

कागदाबाबत थोडक्यात. घरातल्या जुन्या ‘तरुण भारत’च्या अंकांची कात्रणे लावायचा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो, पण वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते आणि उजेडात तो पिवळा पडून तुकडे होतो. जुनी पत्रे, दाखले, मोडीतली कागदपत्रे यांना तर कात्री लावूच नये. ती दोन्ही घरांची आहेत. त्यांची झेरॉक्स चांगल्या सुती कागदावर काढावी. टोनरमधला काळा रंग कार्बनचा असल्यामुळे तो टिकतो. मैद्याची खळ स्वस्त आणि हाताला चांगली, पण कसर आणि झुरळे तिच्यावर येतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. मोरचूद घातलेल्या खळीने किडे थांबतात, पण मोरचूद विषारी आहे आणि कागदाला कालांतराने बाधते, म्हणून चित्रासाठी मी ती वापरत नाही. आम्लविरहित पांढरा गोंद पातळ करून, दोन्ही बाजूंना लावून, वर वजन ठेवून वाळवावा.

लुगड्यांवर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या कामाचा जीव तिथे आहे. इरकली लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. अंग सुती आणि पदर रेशमी असला तरी हे दोन ताणे मागावर चढवताना फासात फास अडकवून जोडले जातात, आणि विणकर या जोडाच्या पद्धतीला टोपे-तेनी म्हणतात. दोन वेगळ्या जातीचे धागे गोंदाशिवाय, गाठीशिवाय एकमेकांना धरून राहतात, ही करामत तुम्ही दोघींनी भिंगाखाली नीट पाहावी, कारण तुम्हालाही तेच साधायचे आहे. लुगड्यातला तोच पट्टा कामात ठळकपणे वापरण्यासारखा आहे. मात्र तिथे सूत आणि रेशीम दमट हवेत वेगवेगळे ताणले जातात, म्हणून कापड बोर्डावर थेट चिकटवू नये. गोंद पातळ रेशमातून वर येतो आणि तो डाग निघत नाही. लुगड्याचा तुकडा आधी धुतलेल्या मांजरपाटावर बारीक टाक्यांनी शिवावा आणि मग मांजरपाट कडेने बोर्डाला पितळी चुकांनी ताणून बसवावे. पुढेमागे कापड काढून दुरुस्त करायची वेळ आली तरी ते सुखरूप निघेल. शिवण्याआधी पांढरे फडके ओले करून लाल पदरावर दाबून पाहावे. रंग उतरला तर त्या तुकड्याजवळ पाण्यातले रंग वापरू नयेत. शिलाईसाठी दोघींपैकी कुणाला कर्नाटकी कशिदा (कसुती) येत असेल तर त्यातली गवंती, म्हणजे दुहेरी धावदोऱ्याची शिलाई, सर्वांत उपयोगी. तिची रेघ पुढून-मागून सारखी दिसते आणि मागे गाठ मारायची नसते.

लुगडी कापण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी: कुणाच्या आईचे लुगडे कोण कापणार. माझे मत असे आहे की प्रत्येकीने आपल्या आईचे लुगडे स्वतः कापावे, निम्मेच कापावे, आणि कापल्यावर तो तुकडा पूर्णपणे मैत्रिणीच्या स्वाधीन करावा. कापण्याचा हक्क घराचा आणि वापरण्याचा हक्क समोरचीचा, अशी विभागणी केली की नंतर एखादा पदर रंगाखाली गेला तरी सल राहत नाही. घरातल्या भावंडांनाही आधी सांगावे. लुगडे एकट्या मुलीचे नसते.

रंगांत तुम्ही स्वतः जाणत्या आहात, तरी तीन गोष्टी सांगतो. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रिलिक टिकत नाही, सोलून येते. त्यामुळे ज्या पॅनेलवर मैत्रीण शेवटी काम करणार आहे तिथे तुम्ही तैलरंग वापरला तर तिचे हात बांधले जातात. सगळे काम अॅक्रिलिकमध्ये ठेवणे हे केवळ सोयीचे नाही, तो तिच्यासाठी मोकळी जागा ठेवण्याचा भाग आहे. शिवाय जवसाचे तेल कोऱ्या सुताला कालांतराने ठिसूळ करते, हेही कारण आहेच. दुसरे, हळद आणि कुंकू चित्रात वापरण्याची हौस आवरावी. हळदीचा पिवळा उजेडात फार लवकर उडतो, आणि हळदीला चुना देऊन केलेले कुंकू आंबट पदार्थाचा स्पर्श होताच पिवळे पडते. तिसरे मात्र अवश्य करावे. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे जांभ्याची तांबडी माती आणि पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती, असे दोन रंग पायाखालीच आहेत. तांबड्या मातीतला रंग लोहाचा असल्यामुळे उजेडाने उडत नाही. ती कुटून, पाण्यात ढवळून, जड कण तळाशी बसू देऊन वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात निथळावे. वाळल्यावर जी मऊ पूड उरते ती अॅक्रिलिकच्या माध्यमात घोटावी. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, म्हणून तिचा जाड लेप देऊ नये. अगदी पातळ, तीन-चार थरांत ती फार सुंदर राखाडी देते.

हवेचा विचार करून वेळापत्रक आखावे. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीच्या बाजूला, हवेतला दमटपणा इतका असतो की कच्ची माती वाळत नाही आणि गोंद ओला राहतो. निपाणी त्या मानाने कोरडी. पावसाळ्याचे दिवस चार बोर्डांच्या सरावासाठी, कापड शिवण्यासाठी आणि आखणीसाठी ठेवावेत, दसऱ्यानंतर भट्टी लावावी, आणि पॅनेल जोडण्याचे काम उन्हाळ्याच्या आत संपवावे. खानापुरात ओलसर हवेत बसवलेल्या कापडाचा ताण निपाणीच्या मार्चमधल्या उन्हात बदलतो, म्हणून शेवटचा ताण प्रदर्शनाच्या गावी, म्हणजे बेळगावातच द्यावा.

चित्रात अक्षरे घालणार असाल तर आधी एकमेकींना विचारा. आपल्या भागात मराठी किंवा कन्नड अक्षर चित्रात आले की पाहणारा चित्र सोडून आधी अक्षर वाचतो आणि त्यातून बाजू शोधतो. दोघींना जे म्हणायचे आहे ते भाषेबद्दल असेल तर मोकळेपणाने अक्षरे घाला. नसेल तर अक्षराच्या आकाराचा मोह टाळा आणि शीर्षक व माहितीची पट्टी दोन्ही भाषांत लावा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल.

लेखी करार करायला मैत्रिणी संकोचतात. साध्या कागदावर, साध्या भाषेत लिहिलेले एक पानही पुरते. त्यात साहित्याचा खर्च कसा वाटायचा, विक्री झाल्यास रक्कम कशी वाटायची, सहा पॅनेल सुटी विकायची की एकत्रच, न विकलेले काम कुणाच्या घरी राहील, आणि एकीला मध्येच थांबावे लागले तर दुसरीने ते पुरे करावे की तसेच ठेवावे, एवढे आले पाहिजे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातले आजारपण, मुलांच्या परीक्षा, बदल्या यांनी काम थांबते आणि त्या वेळी विचारायला अवघड वाटते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्या कामात दोघांचे योगदान एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही ते संयुक्त कर्तृत्वाचे काम ठरते, आणि त्याचा हक्क दोघांपैकी शेवटी हयात असणाऱ्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे हा हक्क पुढे दोन्ही घरांच्या वारसांकडे जाणार आहे. तुमच्या पानाची एक प्रत दोन्ही घरी ठेवली की मुलांनाही काय ठरले होते ते कळेल.

प्रदर्शनाबद्दल. बेळगावचा प्रेक्षक जाणकार आहे, पण त्याची नजर घडली आहे ती व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांच्या परंपरेत. बेळगावचे चित्रकार व कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकलेल्या रवी परांजपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे ती परंपरा दूरवर पोहोचली, आणि तिच्यात चित्रकाराचा एकेरी, ओळखता येणारा हात हीच मोठी गोष्ट मानली गेली. त्यामुळे तुमच्या कामापुढे उभे राहून लोक हमखास विचारतील की यातले तुम्ही काय केले आणि यांनी काय केले. त्यावर माती हिची, रंग माझे, असे वाटून उत्तर देऊ नका. तुमचे काम तसे झालेलेच नसेल. एखादी जागा दाखवून तिची हकीकत सांगा: हे तंबाखूचे पान मी दाबले, हिने भाजले, त्यावर मी रंग दिला, तो हिने खरवडला. अदलाबदलीच्या वेळी काढलेले फोटो छापून एका वहीत लावून टेबलावर ठेवले तर त्या प्रश्नाचे उत्तर लोक स्वतःच शोधतात आणि चित्रापाशी जास्त वेळ थांबतात.

राहिले नाव. आडनावाच्या वर्णानुक्रमाने लावले की वाद मिटतो, पण सहा पॅनेलच्या कामात त्याहून नेमकी सोय उपलब्ध आहे. प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर, ज्या मैत्रिणीने ते सुरू केले तिचे नाव आधी आणि जिने संपवले तिचे नंतर लिहा, खाली वापरलेली माती, कापड, गोंद आणि रंग यांची नोंद करा, म्हणजे पुढे दुरुस्ती करणाऱ्याला मदत होईल. पुढच्या बाजूला सही करू नका. निमंत्रणपत्रिकेवर आणि भिंतीवरच्या पट्टीवर तीन ठिकाणी तुमचे नाव आधी व तीन ठिकाणी मैत्रिणीचे आधी छापून घ्या, आणि मुद्रकाला तसे लेखी कळवा, कारण त्याला ती चूक वाटून तो सगळीकडे एकसारखे करून टाकण्याची शक्यता असते.